छत्र्या खोक्यात सापडल्या, आता पोराशी काय बोलू?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. लई मोठंय, सगळं इथं देत नाही, ओळख पटंल असं तर काहीच देत नाही, पण मुद्दा असा. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला लातूरला, नीटची तयारी करायलाय, दोन मित्रांसोबत रूम करून राहतो. पोळ्याला घरी आला तेव्हा १४ वर्षांच्या चुलतभावाला (त्याला इथं छोट्या म्हणते) घेऊन पाऊस उघडला की बांधाबांधानं हिंडायचा, आईला वाटलं रान बघायलेत. एकदा रात्री जेवताना त्यानं सगळ्यांसमोर ‘मॅजिक मशरूम’ची, म्हणजे नशा आणणाऱ्या रानछत्र्यांची, माहिती सांगितली, डोक्यात काय होतं, कोणत्या देशात डॉक्टर देतेत, अन् हे नॅचरल असतंय केमिकल नाही, वगैरे. तो परत लातूरला गेला अन् नंतर कोठीत बुटाच्या खोक्यात वाळलेल्या कुत्र्याच्या छत्र्या सापडल्या. पेपरच्या पुड्या बांधलेल्या, प्रत्येक पुडीवर पेनानं तारीख अन् जागा, ‘नाल्याकडचा बांध’, ‘मोठी बाभळ’. वडील म्हणायलेत लातूर बंद, घरी आणतो अन् पट्ट्यानं सोलतो. सासूबाई म्हणतात कुणाला कळू देऊ नका. ताई विचारतात, माझं लेकरू नशेच्या नादी लागलं का, त्याचा मोबाईल तपासू का, अन् त्याला परत आणू का.

अन् पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, एक ओळ आहे की धाकट्या दिरांना (म्हणजे त्या १४ वर्षांच्या पोराच्या वडलांना) मागं डोक्याचा त्रास झाला होता, आवाज ऐकू यायचे, कुणीतरी मागं लागलंय वाटायचं, संभाजीनगरला घाटी दवाखान्यात दाखवलं, गोळ्या अजून चालू आहेत, पण पोरांना बीपीच्या गोळ्या आहेत म्हणून सांगितलंय.

ताई, त्या शेवटच्या ओळीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय पण आधी आजच्या आज करायचं काम सांगते.

पोराला फोन लावा. रात्री क्लास सुटल्यावर, वडील शेजारी नसताना. एकच गोष्ट विचारायची, ‘खोकं सापडलं, मी रागावलेली नाही, मला एवढंच सांग की यातल्या काही तू लातूरला नेल्यास का, अन् तू किंवा छोट्यानं किंवा रूमवरच्या कुणी तोंडात घातल्या का?’ बस. का केलंस, कुणी शिकवलं, बाप काय म्हणंल, हे आज नको. छोट्याला तुम्ही घरीच विचारा, एकट्याला, त्याच्या आईसमोरसुद्धा नको. पोळ्याला इतके दिवस झाले अन् कुणाला काही त्रास नाही म्हणताय म्हणजे बहुतेक खाल्लेल्या नाहीत. पण लातूरला पुडी गेली असंल तर तो विषय अजून संपलेला नाही, म्हणून आजच फोन. घरातल्या छत्र्या खड्डा करून पुरून टाका, जनावरं जातील तिथं फेकू नका, अन् हात धुवा. टाकायच्या आधी पुड्यांसकट एक फोटो काढून ठेवा, पुढं डॉक्टरला लागला तर दाखवता येईल.

आता घाई का म्हणते ते ऐका, अन् हेच जसंच्या तसं पोरालाही सांगा, तो नीटवाला आहे, बायोलॉजी त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतंय. जगातल्या सगळ्यात घातक छत्र्यांत अमॅटॉक्सिन नावाचं विष असतंय. ते शिजवून जात नाही, उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा तास, कधी कधी चोवीस तास, काहीच होत नाही, माणसाला वाटतं पचली. मग उलट्या अन् पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, बरं वाटतं, घरचे म्हणतात चला निभावलं, अन् त्याच वेळी आत लिव्हरच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्याही हातात फारसं राहिलेलं नसतं. २०२२ च्या एप्रिल महिन्यात आसामात रानातल्या छत्र्या भाजी म्हणून खाऊन १३ माणसं गेली, बहुतेक चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या घरांतली, लेकरंसुद्धा. ती नशा करायला गेली नव्हती हो, भाजी करून खाल्ली होती, अन् तीही पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणारी माणसं, त्यांना ओळखता आलं नाही. तुमच्या पोरानं मोबाईलवरच्या फोटोशी ताडून पाहिलं असणार. गुंगी आणणाऱ्या छत्र्यांसारख्याच दिसणाऱ्या, तेवढ्याच छोट्या तपकिरी छत्र्यांत हेच लिव्हरचं विष असलेल्या जाती आहेत. तज्ज्ञ लोक त्यांचे बीजाणू मायक्रोस्कोपखाली बघतात तेव्हा कुठं खात्रीनं बोलतात. अॅपवर जिवाचा भरवसा ठेवू नका. आणि गावात जे सांगतात ना की चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, किंवा किडं लागलेली छत्री चांगली, ते दोन्ही खोटंय.

कुणी खाल्लीच असंल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवत बसू नका, ताक-लिंबू करत बसू नका, थेट १०८ ला फोन. त्रास नसला तरी जायचं, बरं वाटायला लागलं तरी जायचं. उरलेली छत्री कागदाच्या पिशवीत घालून सोबत न्यायची (प्लास्टिकमध्ये ती सडते). किती वाजता खाल्ली ते सांगायचं, कारण डॉक्टर त्या तासांवरूनच अंदाज बांधतात. विषबाधेची केस म्हणून दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस, कायद्यानं करावी लागणारी नोंद) होईल, त्याला घाबरून खोटं सांगू नका की हॉटेलात जेवला अन् पोट बिघडलं. एमएलसी ही दवाखान्याची नोंद असते, ती झाली म्हणजे लेकरू गुन्हेगार ठरलं असं नाही. खोट्या सांगण्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत.

बरं. आता पोराच्या ज्ञानाबद्दल. ताई, तो जेवताना जे बोलला त्यातलं बरंच खरं आहे, अन् हे आधी आपण मान्य केलं पाहिजे नाहीतर तो आपलं पुढचं एक अक्षर ऐकणार नाही. त्या छत्र्यांत सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं, १९५८ साली स्विस केमिस्ट आल्बर्ट हॉफमन यांनी ते वेगळं काढलं, शरीरात त्याचं सायलोसिन होतं अन् ते मेंदूत सेरोटोनिन नावाच्या आपल्याच रसायनाच्या जागी जाऊन बसतं. दारू-अफूसारखं अंगाला त्याचं व्यसन लागत नाही हेही खरं. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून, बाकी कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी, परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात हेही खरं. एवढं सगळं १६ वर्षांच्या पोराला माहितीय, अन् वडील त्याला म्हणणार की एकदा खाल्लं की माणूस येडा होऊन मरतो. तो मनात म्हणणार यांना काहीच माहीत नाही. आणि मग वडील जे खरं सांगतील, की बाबा गोळ्यांच्या नादी लागू नको, तेही तो त्याच खात्यात टाकणार. म्हणून मी शाळेत बोलायला जाते तिथं मास्तरांनाही हेच म्हणते, पोरांना घाबरवायला एकही खोटी गोष्ट सांगू नका, आपली एक थाप पकडली की पोरं आपल्या दहा खऱ्या गोष्टी टाकून देतात.

पण त्याचं ज्ञान अर्धं आहे. रीलवाला त्याला जे सांगत नाही ते तुम्ही सांगायचं. त्या उपचारात आधी कितीतरी तास माणसाची तपासणी अन् बोलणं होतं, नंतर मोजून, लॅबमध्ये तयार केलेलं औषध देतात, पूर्ण वेळ प्रशिक्षित माणसं शेजारी बसलेली असतात, अन् हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे, शाळा-कॉलेजच्या लेकरांसाठी नाही. त्याचा परिणाम चार-सहा तास चालतो, मध्येच बंद करायचं बटण नसतं. भिंती हलायला लागल्या, वेळ थांबली, जीव घाबरला, आपण मरतोय असं वाटलं तर ते तास काढावेच लागतात, आणि लातूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या रूममध्ये, दोन तेवढ्याच वयाच्या घाबरलेल्या पोरांसोबत, ते कसे काढणार? माणसं अशा वेळी गच्चीवरून, रस्त्यावर जिवाला मुकतात. कायद्याचं म्हणाल तर नॅचरल असलं म्हणून काही सूट नाही, १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या यादीत सायलोसायबिन आहे. आणि ऑनलाइन मशरूमच्या नावानं जी चॉकलेटं विकतेत त्यात काय असतंय कुणालाच माहीत नसतं, २०२४ साली अमेरिकेत अशी चॉकलेटं खाऊन लोक दवाखान्यात भरती झाले, काहींना झटके आले, तपासलं तर आत भलतीच द्रव्यं निघाली जी वेष्टनावर लिहिलेलीच नव्हती.

नॅचरलचा मुद्दा त्याला फार पटलेला दिसतो. त्याला विचारा, आपल्या उकिरड्याच्या कडेला धोत्रा आहे तो नॅचरल नाही का? महादेवाला वाहतो तोच. त्याच्या बियांनी तोंड सुकतं, अंग तापतं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडकते, छाती धडधडते अन् माणूस दिसत नसलेल्या माणसांशी बोलत हिंडतो, कधी कधी दगावतो. मला खरं तर छत्रीपेक्षा धोत्र्याची जास्त काळजी वाटते, कारण छत्री पावसाळ्यात चार दिवस, धोत्रा बारा महिने दारात, अन् पोरांना तो ओळखायला मोबाईल लागत नाही.

आणि धोत्र्यापेक्षाही जास्त काळजी पंक्चरच्या सोल्युशनची अन् गोळ्यांची वाटते. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेला २०१९ चा देशभरचा सर्व्हे आहे, त्यात हुंगायच्या नशेचं (सोल्युशन, व्हाइटनर, थिनर) प्रमाण १० ते १७ वयाच्या लेकरांत १.१७ टक्के निघालं अन् मोठ्यांत ०.५८. बाकी दारू, गांजा, सगळ्या नशांत मोठी माणसं पुढं, फक्त ह्या एका नशेत लेकरं पुढं. ते हुंगल्यावर हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळेला जीव जाऊ शकतो. गोळ्यांना संभाजीनगरात पोरं ‘बटन’ म्हणतेत, त्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको अशा, दारूसोबत घेतल्या की झोपेत श्वास थांबतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आहेत. नीट-जेईईच्या पोरांत जागरणासाठी कुणीतरी दिलेल्या गोळ्या आहेत. अन् मोठा माल आता पुण्या-मुंबईतच असतो असंही राहिलं नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये संभाजीनगर-पैठणच्या एमआयडीसीत छापे पडले अन् कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन निघालं, २०२५ ला तुळजापुरात एमडीचं (म्हणजे मेफेड्रोनचंच) प्रकरण उघडकीला आलं. आई भवानीच्या गावात. हे सगळं तुम्हाला घाबरवायला सांगत नाही ताई, तुमचं सगळं लक्ष त्या एका खोक्यावर लागलंय म्हणून सांगते. पोरगं तोंडानं ज्याच्याबद्दल बोलतंय ते त्याचं कुतूहल आहे. पुड्यांवर तारीख, जागा लिहिणारं पोरगं मला नशेबाज वाटत नाही, मला ते गोळा करणारं, निरीक्षण करणारं पोरगं वाटतं, ज्याला हे कुणी नीट शिकवलं तर चांगला बॉटनीचा माणूस होईल. पण रूमवर त्याच्या हाताशी काय येतंय, ते त्याला वेगळं विचारायचं.

कधी विचारायचं? महालक्ष्म्यांना तो घरी येईल तेव्हा. समोर बसवून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ असं करू नका, त्यानं लेकरू आधीच बंद होतं. सोळा भाज्या निवडायला त्याला शेजारी बसवा, हात कामात असले अन् डोळ्याला डोळा भिडत नसला की पोरं बोलतात. ‘तुझ्या क्लासमध्ये पोरं काय काय घेतात रे?’ इथून सुरू करा, तू घेतोस का इथून नको. मित्राच्या नावानं तो बरंच सांगंल, त्यात त्याचं स्वतःचं किती ते तुम्हाला आई म्हणून कळंल. मधे बोलू नका. ‘बाप रे’ म्हणू नका. झोप कशी लागते, टेस्टला मार्क कमी आले की काय करतो, रूमवरचं जेवण, हे विचारा, कारण बरीच पोरं मजेसाठी कमी अन् डोकं शांत करायला जास्त ह्या वाटेला जातात, अन् लातूरला दर टेस्टच्या मार्कांवर जगणं काय असतं ते आपण इथं बसून ओळखू शकत नाही.

मोबाईल चोरून तपासू नका. सापडलं तर तुम्हाला कळंल, पण त्यालाही कळंल, मग पुढचं खोकं घरात सापडणार नाही. मात्र खरंच लक्षणं असतील, म्हणजे पैशे गायब व्हायलेत, झोपेची वेळ उलटीपालटी, बोलणं तुटक, डोळे लाल, क्लासमधून गैरहजेरीचे मेसेज, आंघोळ-जेवण सुटलं, आणि हे सगळं आठवडे-आठवडे, तर मात्र त्याला सांगून, सोबत घेऊन दवाखाना. लातूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, तुम्हाला अंबाजोगाई जवळ पडत असंल तर तिथंही आहे, नांदेडलाही आहे, केसपेपरच्या पैशात काम होतं. आधी फोनवर बोलायचं असलं तर टेलिमानस, १४४१६, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही. व्यसनाचंच विचारायचं तर १४४४६. मुलाला पण हे दोन नंबर द्या, तो आपल्याला नाही बोलला तर तिथं बोलंल.

दादांना (तुमच्या मालकांना) माझा निरोप द्या. पट्टा ठेवून द्या. मारलं तर पोरगं तुम्हाला भ्यायला लागंल, अन् उद्या रूमवर एखादा मित्र उलट्या करत पडला तर ह्या पोरानं रात्री दोन वाजता ज्याला फोन करायचाय तो माणूस तुम्ही आहात. त्याला आजच सांगा, कुठंही, कितीही वाजता, काहीही झालेलं असलं तरी आधी मला फोन कर, त्या रात्री मी एक शब्द विचारणार नाही. अन् तसंच वागा. लातूर बंद करायची गरज मला तरी दिसत नाही. रूम मालकाशी अन् क्लासच्या एखाद्या सरांशी ओळख वाढवा, महिन्यातून दोनदा डबा घेऊन स्वतः जाऊन या, अचानक पकडायला नाही, सांगून. आणि जर त्यानं सांगितलं की एखादा मोठा माणूस पोरांना हे आणून देतोय तर ते झाकू नका, लेकराला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्यासाठी सरकारचा १९३३ नंबर आहे.

आता ती शेवटची ओळ. ताई, पोरानं इंटरनेटवरून दुनियेची माहिती गोळा केली, पण जी एक माहिती त्याच्या अन् छोट्याच्या खरंच कामाची आहे ती घरातच दाबून ठेवलीय. रक्ताच्या नात्यात सायझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा आजार असंल तर अशा पदार्थांनी डोकं कायमचं बिघडायची भीती जास्त असते, इतकी की परदेशातल्या अभ्यासांत अशा घरातल्या माणसांना सहसा घेतच नाहीत. गांजाचंही तेच आहे, अन् गांजा तर छत्रीपेक्षा कितीतरी सहज मिळतो, आणि कोवळ्या वयात तो जास्त घात करतो. दिरांच्या आजाराचं नाव तुम्ही लिहिलं नाही, घाटीच्या फाइलीवर असंल, ते बघून घ्या. तुमच्या मुलाचे ते काका, म्हणून त्याला धोका थोडा जास्त, पण छोट्याचे तर ते बाप आहेत. ‘बीपीच्या गोळ्या’ ऐकून तो पोरगा निर्धास्त आहे, अन् थोरल्या भावानं बांधावर नेलं की जातोय. त्याला हे माहीत असतं तर तो जेवताना वेगळा प्रश्न विचारता.

सासूबाईंना वाटतं सांगितलं तर घराची बदनामी, पोरांची लग्नं व्हायची नाहीत. त्यांची काळजी खोटी नाही, गावात लोक बोलतात. पण गावाला सांगा असं कोण म्हणतंय, घरातल्या दोन पोरांना सांगायचंय. अन् आजार म्हणून सांगायचं, लाज म्हणून नाही. की काकांना मेंदूचा आजार आहे, औषधानं आटोक्यात आहे, बघा ते शेती करतात, औत हाकतात, पोळ्याला बैल सजवतात, आणि हा आजार घराण्यात असल्यामुळं तुम्हा दोघांनी गांजा, छत्र्या, असल्या कुठल्याच गोष्टीची एकदासुद्धा चव बघायची नाही, बाकीच्या पोरांपेक्षा तुम्हाला धोका जास्त आहे.

फक्त हे तुम्ही परस्पर सांगू नका. आधी दिरांशी अन् जावेशी बोला. बरीच वर्षं गोळ्या घेणारा माणूस आपल्या आजाराबद्दल बाकीच्यांपेक्षा बरं बोलू शकतो, त्यांना झेपत असंल तर त्यांनीच पोरांना सांगावं, तुम्ही शेजारी बसा. नको म्हणाले तर त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारा की पोरांना कसं सांगायचं, तेही त्यांचंच काम आहे. महालक्ष्म्या झाल्यावर तुमचा मुलगा लातूरला परत निघायच्या आत हे बोलणं व्हावं एवढं बघा, अन् फोनवर तो काय म्हणाला ते मला कळवा.